ज्याचा पदार्थ फसला त्याची प्रार्थना

२ सप्टेंबर, शनिवार

आईने ढकललं म्हणून गेले. तिचं म्हणणं असं, की ग्रंथालयाच्या तळघरात दिवसभर फाटकी पुस्तकं शिवता शिवता एक दिवस मीच कपाटात जाऊन बसेन आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. चर्चमागच्या स्वयंपाकघरात दर शनिवारी सकाळी जमायचं, प्रत्येकाने एकेक पदार्थ रांधायचा आणि दुपारी एकत्र जेवायचं, असं एक नवं खूळ निघालंय. त्यात तिने माझं नाव परस्पर देऊन टाकलं. माझं वय चौतीस, आणि अजून माझं नाव आई देते.

आम्ही चौघंच. वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाई, ज्यांच्यासमोर उकळतं दूधसुद्धा खाली बसतं. पोस्टमास्तर, निवृत्त, विधुर, पाव भाजायचं वेड. तिसरे लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ, सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणतात. रविवारी मागच्या बाकावर त्यांना पाहिलेलं होतं: उंच, कान जरा बाहेर आलेले, गाताना कायम खालच्या सुरात. आणि चौथी मी. पोस्टमास्तरांनी हस्तांदोलन करून स्वतःचा हात हुंगला, "डिंक!" म्हणाले, आणि पाचव्या मिनिटाला माझी डिंकी झाली.

इथवर सगळं ठीक होतं. मग मेट्रनबाईंनी नियम सांगितला. जेवणाआधी चमचा फिरणार, सगळ्यांनी सगळं चाखायचं, आणि ज्याचा पदार्थ फसला त्याने प्रार्थना करायची. मोठ्याने. "जिंकलेल्या माणसाच्या प्रार्थना मी उभ्या जन्मात फार ऐकल्या," म्हणाल्या, "मला हरलेल्याची ऐकायची आहे."

मी घाबरले. चारचौघांत प्रार्थना माझ्याच्याने होत नाही. आणि स्वयंपाकाचं म्हणाल तर तोही होत नाही. म्हणजे दर शनिवारी माझीच पाळी.

आज वाचले. पोस्टमास्तरांच्या पावाची वीट झाली होती. त्यांनी आनंदाने पाच मिनिटं प्रार्थना केली, त्यात दोनदा यीस्टचा उल्लेख. लिफ्टवाल्यांनी कांद्याचं सूप केलं होतं. त्याबद्दल काय लिहू? पहिला चमचा घेतला आणि मी काय बोलत होते तेच विसरले.

५ सप्टेंबर, मंगळवार

घरी पांढरा सॉस दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा गुठळ्या. गंमत म्हणजे पुस्तकं चिकटवायला मी रोज मैद्याची खळ शिजवते, तिच्यात एक गुठळी शोधून दाखवा. तोच मैदा, तोच हात. खायचं म्हटलं की बिथरतो.

देवा, कागदावर मी तुझ्याशी तासभर बोलेन. हवं तर दोन्ही बाजूंनी लिहीन. फक्त मला उभं करू नकोस.

९ सप्टेंबर, शनिवार

आज बटाटे सोलताना लिफ्टवाले शेजारी होते. त्यांनी विचारलं, "नियम ऐकून तुम्ही त्या दिवशी एवढ्या का घाबरलात?" कुणाला दिसलं नसेल असं वाटलं होतं मला. का कोण जाणे, सांगून टाकलं. बाबांच्या स्मरणसभेत, मी बावीस वर्षांची असताना, पाळकांनी अचानक "आता मुलगी प्रार्थना करेल" म्हणून जाहीर केलं. उभी राहिले. दीडशे माणसं डोळे मिटून वाट बघतायत आणि माझ्याकडे एक शब्द नाही. शेवटी तोंडातून निघालं ते "कळावे, लोभ असावा." मागे कुणीतरी फसकन हसलं. तेव्हापासून माझं तोंड जे मिटलं ते मिटलंच.

लिफ्टवाले हसले नाहीत. हातातला बटाटा निम्मा होईस्तोवर सोलत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या बाबांना आवडलं असतं ते."

त्यानंतर माझा सॉस. गुठळ्याच गुठळ्या. लिफ्टवाल्यांनी येऊन एकदा ढवळून पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि आपल्या शेगडीकडे गेले. मी मनात म्हटलं, संपलं, आता उभं राहावं लागणार.

पण चमचा फिरला आणि काय आश्चर्य! त्यांचा मासा इतका खारट, की मेट्रनबाई दोन ग्लास पाणी प्यायल्या. माझ्या गुठळ्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी प्रार्थना केली: "देवा, मासा तू चांगला दिला होतास, बिघडवला मी. जेवणाबद्दल आभार. आमेन." एवढीच. मला आवडली.

देवाने माझी हाक ऐकली म्हणायचं. पण दुसऱ्याचा मासा बिघडवून ऐकली, हे काही मनाला पटत नाही. अशी मदत मागायची नव्हती मला.

१३ सप्टेंबर, बुधवार

ग्रंथालयाची लिफ्ट बिघडल्याची तक्रार कुणी केली कोण जाणे, आम्हाला कुणालाच आठवत नाही. लिफ्टवाले आले, अर्धा तास तपासली, काही सापडलं नाही. मग तळघरात उतरून माझं काम बघत बसले. सुई पानांच्या घडीतून कशी काढते, दोरा मेणावरून का ओढते, सगळं विचारलं. जाताना कागदात गुंडाळलेला एक छोटा पाव टेबलावर ठेवून गेले. "जास्त झाला होता," म्हणाले. अजून गरम होता.

लिफ्ट फारच वाईट निघालेली दिसते. शुक्रवारी पुन्हा बघावी लागेल म्हणाले.

१६ सप्टेंबर, शनिवार

आज मोठी बातमी. वृद्धाश्रमाच्या मुख्य आचारीणबाई नोव्हेंबरपासून घरी बसणार. मेट्रनबाईंना नवा माणूस हवाय, आणि लिफ्टवाल्यांनी अर्ज केलाय! मला ठाऊकच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "चौदा वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात काढली. माणसं वर जातात, खाली येतात, कुणी मागे वळून 'छान होतं' म्हणत नाही. जेवणाला म्हणतात." हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. त्यांना ती जागा मनापासून हवी आहे, हे आंधळ्यालाही दिसेल.

मेट्रनबाई म्हणाल्या, "वेगळी परीक्षा घेणार नाही. शनिवारचं खाते आहेच मी. जिभेला जे लागेल ते वहीत लिहीन." आणि खरोखरच वही काढली.

आणि नेमकं आजच त्यांनी सफरचंदाच्या केकमध्ये साखर घातली नाही! विसरलो म्हणाले. साखर! केकमध्ये! माझा रस्सा बुडाला लागून धुरकट झाला होता, पण त्या केकपुढे तो बरा ठरला. मेट्रनबाईंनी वहीत बराच वेळ लिहिलं. लिफ्टवाल्यांनी उठून प्रार्थना केली, शांतपणे, जणू काही झालंच नाही.

मला मात्र जेवण गेलं नाही. सुटका माझी झाली आणि किंमत त्यांनी मोजली असं काहीतरी वाटत राहिलं. उगाचच.

१७ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर आईला म्हटलं, "लिफ्टवाल्यांचं काहीतरी बिनसलंय. पहिल्या दिवशी असं सूप करणारा माणूस साखर विसरतो म्हणजे काय?"

आई चष्मा पुसत होती. म्हणाली, "प्रेमात पडला असेल कुणाच्या."

हे मला सुचलंच नव्हतं! लगेच उलगडा झाला. शनिवारी आम्ही रांधत असतो तेव्हा भिंतीपलीकडे ऑर्गनवाली रविवारच्या गीतांचा सराव करते. सुरेख बाई आहे, केस कमरेपर्यंत. तिचं वाजवणं कानावर पडलं की यांचा हात चुकत असणार. आईला सांगितलं. आईने चष्मा लावला, माझ्याकडे नीट पाहिलं, पुन्हा काढला आणि पुन्हा पुसायला घेतला.

"असेल बाई," म्हणाली. "ऑर्गनवालीच असेल."

२३ सप्टेंबर, शनिवार

चौथा शनिवार. माझी डाळिंबी रंगाची बीटाची कोशिंबीर कच्ची राहिली, दात हलतील इतकी. यांचं कोंबडीचं सूप असं तिखट, की पोस्टमास्तरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पलीकडे ऑर्गन चालूच होता. मी मुद्दाम लक्ष ठेवलं: सूर चढले तरी हे तिकडे बघेनात, माझ्याच बीटाकडे बघत होते. माणूस मन लपवायला लागला की असंच करतो.

मेट्रनबाईंनी त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं. "लिफ्टवाले, अडतीस म्हाताऱ्या जिवांच्या पोटाचा प्रश्न आहे. असं चाललं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." त्यांनी मान खाली घातली. मला राहवलं नाही. आवरताना त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "राग मानू नका, पण तुम्हाला कुणीतरी पहिल्यापासून शिकवायला हवंय. बुधवारी आमच्याकडे या. मला जेवढं येतं तेवढं शिकवते."

ते इतका वेळ माझ्याकडे बघत राहिले, की मला वाटलं अपमान झाला बिचाऱ्यांचा. मग म्हणाले, "येतो. किती वाजता?"

पोस्टमास्तरांना तेवढ्यात खोकल्याची अशी उबळ आली, की बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. तिखट सूप, दुसरं काय.

२७ सप्टेंबर, बुधवार

आमच्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने ओट्यावर बसायचं, इतकी जागा. आई बसली. मी लिफ्टवाल्यांना पांढरा सॉस शिकवला, खळीच्या पद्धतीने: मैदा आधी थंड दुधात कालवायचा, मग आचेवर, हात थांबवायचा नाही. मन लावून ऐकत होते. "हात असा फिरवायचा?" म्हणून तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मला त्यांचं मनगट धरून दाखवावं लागलं.

मधे मी दारावर कोण आलंय बघायला गेले. परत आले तर सॉस रेशमासारखा. माझ्या शिकवण्यात काहीतरी असलं पाहिजे.

ते गेल्यावर आई म्हणाली, "तू दारात असताना त्याने कांदा चिरला. मी नुसती बघत राहिले. डोळे मिटून चिरत होता गं, आणि एकसारखा."

"आई, डोळे मिटून नाही, कांदा झोंबला असेल. नवशिक्याला झोंबतोच."

आई म्हणाली, "हो का," आणि आत जाऊन पडली. उशीत तोंड खुपसून हसत होती असं वाटलं. हल्ली तिला कशाचंही हसू येतं.

३० सप्टेंबर, शनिवार

यश! माझी उकडलेली अंडी आणि पालक अगदी बेताचं जमलं, सगळ्यांनी पुन्हा घेतलं. आणि लिफ्टवाल्यांची भाजलेली कोंबडी! मेट्रनबाईंनी हाड चोखलं, मी प्रत्यक्ष पाहिलं. एका धड्यात एवढी सुधारणा. मला स्वतःचा जरा अभिमान वाटला, तो पाप असेल तर देवाने माफ करावं.

मेट्रनबाईंचीच गाजरं कच्ची निघाली. त्यांनी प्रार्थना केली ती देवाला आठवड्याची कामं वाटून दिल्यासारखी. पोस्टमास्तर एकटक त्यांच्याकडे बघत होते. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवू नयेत हे त्यांना एवढ्या वयात कळू नये? पण मग मला तरी ते कसं दिसलं, हा प्रश्न आहेच.

७ ऑक्टोबर, शनिवार

काय करावं या माणसाला! आज पुन्हा. माझ्या भाताचा चिखल झाला होता ते सोडा. यांच्या मटारच्या सुपात व्हिनेगर. का? कुणी सांगितलं? एवढं मनगट धरून शिकवलं ते पाण्यात. मी चारचौघांत त्यांच्यावर ओरडले, "तुम्हाला ती जागा हवी आहे की नको?"

"हवी आहे," ते म्हणाले.

"मग नीट का करत नाही?"

उठले आणि प्रार्थना केली. त्यात माझंही नाव घेतलं, म्हणजे डिंकी म्हणूनच. मला धीर दे म्हणाले. मला! धीराची गरज कुणाला आहे?

१४ ऑक्टोबर, शनिवार

आज जे पाहिलं ते लिहून काढते.

आज लवकर पोचले. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये ताटं सरकवायची एक खिडकी आहे. मी माझं भोपळ्याचं सूप मंद आचेवर ठेवलं, आणि जाता जाता त्यांच्या शेगडीवरच्या टोमॅटोच्या रश्शात चोरून चमचा बुडवला. देवा, असा रस्सा! टेबलाचा आधार घेतला मी. वाटलं, आज मेट्रनबाईंची वही मिटणार, आज जागा नक्की. आनंदाने टेबल मांडायला बाहेर गेले.

खिडकीतून आत पाहिलं. ते माझ्या भोपळ्याच्या पातेल्यापाशी उभे होते. चमचा घेऊन चाखलं. चेहरा असा झाला, की माझ्या सुपाचं काय झालंय ते मला बाहेरूनच समजलं. मग ते आपल्या रश्शापाशी गेले. डोळे मिटले, ओठ हलले. आणि मिठाच्या डब्यात हात घालून मूठभर मीठ रश्शात टाकलं. विसरून नाही, चुकून नाही. ओतलं आणि ढवळलंसुद्धा.

मासा, केक, तिखट, व्हिनेगर, सगळे शनिवार एकदम डोळ्यांसमोरून गेले. पहिला शनिवार सोडला, तर माझा पदार्थ जमला तो एकच शनिवार यांचाही जमला होता. ऑर्गन तर तेव्हाही वाजत होता.

चमचा फिरला. मेट्रनबाईंनी रस्सा चाखला, वही काढली आणि म्हणाल्या, "पुढचा शनिवार शेवटचा. त्यानंतर मी दुसऱ्या माणसाला कळवणार." ते उठले. प्रार्थना केली. मी डोळे मिटलेच नाहीत. त्यांचे कान बघत होते.

१५ ऑक्टोबर, रविवार

आज राग आला. मी काय अपंग आहे? मागितली होती का दया? चर्चमध्ये त्यांच्याकडे पाहिलं नाही. घरी येऊन आईवर डाफरले. आई म्हणाली, "तुला राग कशाचा आलाय? त्याने केलं त्याचा, की तुला दीड महिना दिसलं नाही त्याचा?"

"तुला माहीत होतं?"

"मला कांद्यालाच कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू शिकवत होतीस की. किती छान शिकवत होतीस."

मग मी रडले आणि मग हसू आलं. मग पुन्हा रडले. कुणी आजवर माझ्यासाठी असं काही केलं नाही. स्वतःला हवी असलेली गोष्ट पाच वेळा हातातून सोडून दिली आणि कपाळावर एक आठी नाही. मला तो आवडतो. हे लिहून पाहिलं. लिहिल्यावर खरंच वाटतं. बहुतेक पहिल्या सुपापासूनच.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारच्या सुटीत वृद्धाश्रमात जाऊन मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, ऐकून पाघळतील. त्यांनी चादरींच्या घड्या मोजणं थांबवलं नाही.

"डिंके, तू सांगतेस ते खरं असेल. त्याला रांधता येतं हे मला पहिल्या दिवशीच कळलं. पण मला आचारी हवाय. जो एका माणसासाठी सगळ्यांच्या ताटात मीठ ओततो, तो उद्या माझ्या अडतीस जणांच्या ताटात काय ओतेल? मला त्याने एकदा तरी ताटाशी प्रामाणिक राहिलेलं बघायचंय. तुझा पदार्थ फसलेला असताना."

तोंडात मारल्यासारखं झालं, पण बाई चुकीचं बोलत नव्हत्या. शनिवारचा नियम तरी बदला म्हटलं. नाही म्हणाल्या. मग म्हटलं, तर मग मी त्यांना आधीच समजावते. "समजाव," म्हणाल्या, "ऐकला तर."

१९ ऑक्टोबर, गुरुवार

समजावलं. ग्रंथालयाची लिफ्ट अर्थातच पुन्हा तपासायला आले होते. म्हटलं, "शनिवारी मीठ टाकू नका. मला माहीत आहे सगळं." कान एकदम लाल. म्हणाले, "तुम्ही नीट करा, मी नीट करतो." म्हटलं, "आणि माझं बिघडलं तर?" ते पाना पुसायला लागले. मी म्हटलं, "मी करेन प्रार्थना." ते म्हणाले, "तुम्ही पांढऱ्याफटक पडता. मला बघवत नाही ते."

गेल्यावर तळघरात मोठ्याने प्रार्थना करून पाहिली. समोर फक्त पुस्तकं. "हे देवा" म्हटलं आणि पुढे अवाक्षर नाही. चोवीस खंडांचा विश्वकोश माझ्याकडे बघत उभा.

साधे भाजलेले बटाटे करायचं ठरवलंय. बटाट्यात काय बिघडणार?

२१ ऑक्टोबर, शनिवार

बटाटे भट्टीत घातले आणि त्याच्या शेगडीपाशी जाऊन उभी राहिले. मसूर, गाजर, एक तमालपत्र, साधं सूप. वास असा, की पोस्टमास्तर पावाचं पीठ मळायचं थांबले. मीठ त्याने एकदा घातलं, चिमटीने, बेताचं. मी मिठाचा डबा ओढून घेतला आणि त्यावर हात ठेवला.

"तुम्ही तुमच्या भट्टीकडे बघा," तो म्हणाला.

"मी इथेच आहे."

तिखटाची बाटली माझ्या एप्रनच्या खिशात. व्हिनेगर मी आधीच कपाटावर ठेवलं होतं. साखर पोस्टमास्तरांनी न सांगता काखेत धरली होती. तो सूप ढवळत होता, मी डब्यावर हात ठेवून उभी, आणि असा किती वेळ गेला कोण जाणे, मला त्याच्या भुवईत एक पांढरा केस दिसला. मग धुराचा वास आला.

"तुमचे बटाटे जळतायत."

"जळू द्या."

"पाच मिनिटांत कोळसा होईल. जा, मी काही करत नाही."

"करता तुम्ही. मी जात नाही."

धूर भट्टीच्या दारातून बाहेर यायला लागला. त्याने डब्याकडे हात नेला तो माझ्या हातावर पडला. म्हणाला, "हात काढा." मी म्हटलं, "नाही." त्याने ओढून पाहिलं नाही. तसाच ठेवला हात. मी म्हटलं, "हे सूप तसंच जाणार ताटात. अडतीस माणसं वाट बघतायत. आणि मी उभी राहणार आहे, पांढरी पडले तर पडेन." त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मग हात काढून घेतला आणि शेगडी बंद केली.

पोस्टमास्तरांनी भट्टी उघडली, खोकले, आणि म्हणाले, "डिंके, हे आता बटाटे राहिले नाहीत."

चमचा फिरला. मेट्रनबाईंनी त्याचं सूप चाखलं. दुसरा चमचा घेतला. तिसरा घेतला. वही काढलीच नाही. मग माझ्या कोळशांना चमचा लावून पाहिला, तो आत गेला नाही. सगळे माझ्याकडे वळले.

उभी राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले. "देवा," म्हटलं आणि पुढे काही नाही. फ्रीजची घरघर ऐकू येत होती. पलीकडे ऑर्गनही थांबला होता, नेमका. बाबांची सभा आठवली. वाटलं, बसावं खाली. त्याच्याकडे पाहिलं. डोळे घट्ट मिटून टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसला होता, मला मदत करायची नाही म्हणून. मग मी बोलायला लागले, ते काय बोलले ते जसं आठवतं तसं लिहिते.

"देवा, बटाटे जळले. मी बघत असताना जळले, कारण माझं लक्ष दुसऱ्याच्या भांड्यावर होतं. या माणसाने माझ्यासाठी पाच वेळा चांगलं अन्न नासवलं. अन्न नासलेलं तुला आवडत नाही, त्यालाही आवडत नाही, तू त्याला माफ कर. आज त्याने नाही नासवलं, ते तू बघितलंस. मेट्रनबाईंनीही बघितलं. या जेवणाबद्दल आभार. मला छान बोलता येत नाही. पण एक मागायचंय, आणि आता उभी आहेच तर मागून घेते. हा माणूस मला दे. रोजच्या जेवणाला. आमेन."

पोस्टमास्तर इतक्या जोराने आमेन म्हणाले, की ताटं वाजली. मेट्रनबाईंचं आमेन सहीशिक्क्यासारखं. त्याचं काही आलं नाही. मी डोळे उघडले. तो अजून तसाच, टेबल धरून, कान लालबुंद. आम्ही तिघंही वाट बघत बसलो. मग सगळ्यांच्या मागून, एकट्याने, जरा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आमेन."

"सूप निवतंय," मेट्रनबाई म्हणाल्या. "लिफ्टवाले, एक तारखेला सकाळी सहा वाजता. उशीर चालत नाही." आणि नाक पुसलं. पोस्टमास्तरांनी त्यांना आपला रुमाल दिला, त्यांनी तो परत केला नाही.

जेवलो. मला सुपाची चव आठवते आहे आणि दुसरं काही आठवत नाही. सगळे उठायला लागले तेव्हा पाहिलं, तर तो माझे बटाटे पुढ्यात ओढून घेऊन सुरीने वरचं काळं खरवडत होता आणि आतलं जे काही उरलं होतं ते खात होता.

म्हटलं, "कडू लागतील."

"लागतायत," म्हणाला, आणि आणखी एक घेतला.